नव्या संसारातले धुणे आणि इस्त्री: वाटणी कशी करावी

लग्नानंतर आम्ही जुळे सोलापूर भागात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात आमची वाटणी ठरली: धुणे माझ्याकडे आणि इस्त्री यजमानांकडे. ऐकायला ती न्याय्य वाटत होती, पण दोन महिन्यांत ती मोडली. मशीनमधून निघालेले कपडे वाळत कोणी घालायचे, वाळलेले आत कोणी आणायचे, घड्या कोणी घालायच्या आणि साबणचुरा संपत आल्याचे लक्षात कोणी ठेवायचे, यांतले काहीच आम्ही ठरवले नव्हते. मी रात्री मशीन लावून झोपत असे आणि पिळलेले कपडे सकाळपर्यंत तसेच राहून त्यांना कुबट वास येत असे. दुपारच्या उन्हात कडकडीत वाळलेले सुती शर्ट यजमानांच्या हाती पडत आणि कितीही इस्त्री फिरवली तरी त्यांच्या सुरकुत्या जात नसत. दोघेही आपापले काम चोख करत होतो, तरीही घरात रोज उठून कपड्यांवरून कुरबुर होत होती.

गेल्या सहा वर्षांत चुकत-शिकत आम्ही जी पद्धत बसवली, ती नव्याने संसार मांडणाऱ्यांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे क्रमाने लिहीत आहे. मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि यजमान अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात आहेत. आमच्या दोघांच्या कपड्यांच्या तऱ्हा वेगळ्या आहेत, म्हणून काही सूचना तुम्हाला जशाच्या तशा लागू पडणार नाहीत. तेवढा फेरफार तुम्ही करून घ्यावा.

सुरुवातीला लागणारे साहित्य

मळलेल्या कपड्यांसाठी झाकणाच्या तीन टोपल्या, एक कापडी पिशवी (तिचा उपयोग पुढे सांगितला आहे), दोन मोठ्या बादल्या आणि एक घमेले, कॉलर-कफ घासायचा मऊ ब्रश, कपड्यांचा साबण आणि साबणचुरा, धुण्याचा सोडा, पांढऱ्यांसाठी नीळ, किमान चाळीस चिमटे, दोन दोऱ्या किंवा घडीचा स्टँड, इस्त्री, पाणी शिंपडायची फवाऱ्याची बाटली, इस्त्रीखाली घालायला जुनी जाड चादर, मलमलीचा एक स्वच्छ तुकडा आणि एक छोटी वही. वॉशिंग मशीन नसले तरी चालते. घ्यायचेच असेल आणि पाणी साठवून वापरावे लागत असेल, तर सेमी-ऑटोमॅटिक घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात बादलीने पाणी ओतता येते, नळाला दाब असावा लागत नाही आणि एकाच साबणाच्या पाण्यातून दोन-तीन फेऱ्या निघतात.

१. पहिला आठवडा नुसते मोजावे

वाटणीची घाई करू नये. आठ दिवस दोघांनी मिळून जमेल तसे धुणे करावे आणि वहीत लिहीत जावे: कोणाचे किती कपडे निघाले, त्यांतले इस्त्रीचे किती, हाताने धुवायचे किती. आम्ही मोजले तेव्हा कळले, की संख्येने माझे कपडे जास्त होते, पण मेहनतीचे त्यांचे जास्त होते. कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक शर्टावर सुताचे तंतू बसलेले असत आणि कॉलर घामाने काळी पडलेली असे. माझे प्रयोगशाळेतले कपडे वेगळेच धुवावे लागत. हा हिशोब कागदावर आला, तेव्हा 'माझेच काम जास्त' हे वाक्य आपोआप बंद झाले.

याच आठवड्यात दोघांनी एकमेकांच्या घरातल्या सवयीही विचाराव्यात. एकाच्या घरी टॉवेल रोज धुतात, दुसऱ्याच्या घरी आठवड्याला. एका घरी बनियनलाही इस्त्री होते, दुसऱ्या घरी शाळेच्या गणवेशापलीकडे इस्त्री माहीत नसते. बहुतेक तक्रारींचे मूळ या सवयींत असते आणि त्या चुकीच्या नसतात, फक्त वेगळ्या असतात.

२. पाण्याच्या पाळीवर वार ठरवावेत

बाहेरगावाहून सोलापुरात आलेल्यांचा पहिला गोंधळ येथेच होतो. 'दर रविवारी धुणे' हा नियम या शहरात टिकत नाही, कारण शहराला मोठ्या प्रमाणात पाणी शंभर किलोमीटरहून दूर असलेल्या उजनी धरणावरून येते आणि ते रोज प्रत्येक भागात सुटत नाही. आमच्या भागात पहिल्या वर्षी ते चार दिवसांआड येत असे. उन्हाळ्यात किंवा कुठे जलवाहिनी फुटली की पाळी आणखी पुढे जात असे. म्हणून वाराऐवजी पाणी येण्याच्या दिवसाला धरून धुणे ठरवावे. आपल्या गल्लीत पाणी केव्हा सुटते आणि किती वेळ असते, हे घरमालकांना आणि शेजाऱ्यांना आल्या दिवशीच विचारून घ्यावे.

त्या दिवशी घरी कोण असेल, यावर पाळी कोणाची हे ठरते. टाकी आणि पिंपे भरणे हेही धुण्याचेच काम आहे, हे वाटणीत नोंदवावे. पाण्यासाठी पहाटे साडेचारला उठलेल्या माणसाने नंतर कपडेही धुवावेत, ही अपेक्षा योग्य नाही.

बोअरचे पाणी वापरत असाल, तर ते बहुधा जड असते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही आणि कपड्यावर पांढरट साय धरते. फेस येत नाही म्हणून साबण वाढवत जाणे, ही सर्रास होणारी चूक आहे. त्याऐवजी पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आधी विरघळवावा. रेशमी आणि लोकरी कपड्यांना मात्र सोडा लावू नये. आम्ही पहिले धुणे बोअरच्या पाण्यात करतो आणि पांढऱ्या कपड्यांचे शेवटचे खळबळणे नळाच्या साठवलेल्या पाण्यात करतो. खळबळून निघालेले पाणी पुढच्या फेरीला किंवा मोरी धुवायला ठेवावे.

३. वाटणी फेरीची करावी

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे सांगणे हेच आहे. धुणे हे एक काम नाही. टोपलीतून कपडे वेगळे करणे, खिसे तपासणे, डाग काढणे, भिजवणे, धुणे, पिळणे, झटकून वाळत घालणे, वेळेवर आत आणणे, घड्या घालणे आणि कपाटात ठेवणे अशी ती दहा कामांची साखळी आहे. तुम्ही साखळीचे तुकडे करून वाटले, तर प्रत्येक सांध्यावर कपडे अडून राहतात, कारण एकाचे काम तेथे संपलेले असते आणि दुसऱ्याला ते सुरू झाल्याचे माहीत नसते. म्हणून एक अख्खी फेरी, टोपलीपासून कपाटापर्यंत, एकाच व्यक्तीकडे द्यावी आणि पुढची फेरी दुसऱ्याकडे.

यात दोन फायदे झाले. एक तर प्रत्येकाला संपूर्ण काम येऊ लागले; यजमानांना आमच्या लग्नाआधी धुण्याचा साबण आणि साबणचुरा यांतला फरकही ठाऊक नव्हता, आणि आज मी आठ दिवस माहेरी गेले तरी घर अडत नाही. दुसरे म्हणजे चूक कुठे झाली, हे शोधत बसावे लागत नाही. ज्याची फेरी, त्याची जबाबदारी.

ज्याची फेरी नाही, त्याने मधे बोलू नये, हा नियमही आम्ही केला. चिमटा कुठे लावला, टॉवेलची घडी तीन पदरी की चार पदरी, यावर शेरा मारला की समोरचा माणूस एकच निष्कर्ष काढतो: 'माझे केलेले पसंत नाही, मग तूच कर.' मी स्वतः ही चूक महिनोन् महिने केली. यजमानांनी वाळत घातलेले कपडे मी पुन्हा काढून माझ्या पद्धतीने घालत असे. शेवटी ते म्हणाले, "अगं, तुला दोनदा करायचंच असेल तर मी पहिल्यांदा कशाला करू?" त्यांचे बरोबर होते. कपडा खराब होणार असेल तरच बोलावे. फक्त वेगळा दिसत असेल तर गप्प राहावे.

४. तीन टोपल्या आणि एक पिशवी

पहिल्या टोपलीत पांढरे आणि फिके, दुसरीत गडद आणि तिसरीत टॉवेल, पायपुसणी, जाड कापड. टॉवेल वेगळे ठेवण्याचे कारण मला टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसाकडूनच कळले: नवा टेरी टॉवेल पहिल्या काही धुण्यांत तंतू सोडतो आणि ते गडद कपड्यांवर जाऊन बसतात. टॉवेलला मऊपणाचे द्रावण वापरू नये, कारण त्याचा थर धाग्यावर बसून टॉवेल पाणी कमी शोषतो. आणि टेरी टॉवेलला इस्त्रीही करू नये, त्याने त्याचे फासे, म्हणजे वर आलेले धाग्याचे वेढे, दबतात.

रुग्णालयात, प्रयोगशाळेत किंवा दवाखान्यात काम करणाऱ्यांनी आपले कामाचे कपडे घरच्या टोपलीत टाकूच नयेत. ते वेगळ्या पिशवीत आणावेत, धुण्यापूर्वी झटकू नयेत, वेगळे धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. आमच्या घरी ही फेरी कायम माझीच असते. ती पाळीत धरलेली नाही. त्याच्या बदल्यात कॉलर-कफ घासण्याचे काम यजमानांनी स्वतःकडे घेतले आहे.

आता कापडी पिशवीविषयी. लग्नात मिळालेल्या इरकली साडीचा लाल पदर पहिल्या धुण्यात रंग सोडतो, हे मला माहीत होते, यजमानांना नव्हते. फेरी त्यांची होती, साडी टोपलीत मी टाकली होती आणि त्यांचे चार पांढरे शर्ट गुलाबी झाले. दोष कोणाचा, यावर त्या दिवशी आम्ही नको इतके बोललो. त्यानंतर टोपलीशेजारी खुंटीला एक पिशवी आली. रंग जाणारे, जरीचे, रेशमी किंवा हातानेच धुवायचे कपडे ज्याचे त्याने त्या पिशवीत ठेवायचे आणि पिशवीतले कपडे ज्याचे त्यानेच धुवायचे किंवा लाँड्रीत द्यायचे. टोपलीत टाकलेल्या कपड्याचे काही बिघडले, तर तो टाकणाऱ्याचा दोष. या एका नियमाने बरीच भांडणे वाचली.

शालू, पैठणी आणि भरजरी शेरवानी घरी धुण्याच्या भानगडीत पडू नये. त्या ड्रायक्लीनला द्याव्यात, सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे घडीच्या रेषेवर जर तुटत नाही.

५. खिसे आणि डाग

खिसे रिकामे करणे हे कपडे टोपलीत टाकणाऱ्याचे काम आहे. धुणाऱ्याने फक्त एकदा चाचपून पाहावे. सापडलेली नोट परत द्यावी, यावर आमच्या घरी मतभेद नाहीत.

नव्या जोडप्याच्या पहिल्या धुण्यात हळदीचे डाग हमखास असतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो, कारण हळदीतला रंग साबणातल्या अल्कलीने बदलतो. घाबरून ब्रशने घासत बसू नये. डाग धुऊन कपडा उन्हात वाळवावा. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो आणि सोलापूरच्या उन्हात तर दोन-तीन वेळा वाळवल्यावर बहुतेक डाग निघून जातो. रक्ताच्या डागाला कधीही गरम पाणी लावू नये, तो पक्का बसतो. गार पाण्यात भिजवून मग साबण लावावा. तेलाच्या ताज्या डागावर टाल्कम पावडर टाकून काही वेळ ठेवावी.

६. वाळवण

येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे पातळ कपडा तास-दीड तासात वाळतो. बाहेरून आलेल्यांना ही चैन वाटते, पण दुपारभर उन्हात राहिलेला रंगीत कपडा एका हंगामात विटतो. रंगीत कपडे उलटे करून सावलीत घालावेत, पांढरे खुशाल उन्हात. पिळल्यावर प्रत्येक कपडा दोन वेळा जोरात झटकून, शिवणी हाताने ओढून सरळ करून मग घालावा. शर्ट हँगरवरच वाळवला, तर अर्धी इस्त्री तेथेच होते. मेअखेरीस वादळी वारा आणि वळवाचा पाऊस आला, की दोरीवरचे कपडे क्षणात धुळीने भरतात, म्हणून ज्याची फेरी तो घरी नसेल आणि आभाळ भरून आले असेल, तर जो घरी असेल त्याने कपडे आत घ्यावेत. 'फेरी तुझी' हे अशा वेळी म्हणू नये.

७. इस्त्री: ज्याचे कपडे, त्याची इस्त्री

धुण्याला फेरीचा नियम, पण इस्त्रीला हा वेगळा नियम आम्ही मुद्दाम ठेवला. धुतलेला कपडा सगळ्यांचा सारखाच असतो. इस्त्री मात्र आवडीनिवडीची बाब आहे. पँटची घडी कुठे पडावी, बाहीवर रेघ असावी की नसावी, याचा हिशोब ज्याचा त्यालाच जमतो. शिवाय स्वतः इस्त्री करायची वेळ आली, की कोणत्या कपड्याला ती खरोखर हवी, हे माणूस आपोआप ठरवतो. यजमानांच्या इस्त्रीचे कपडे आठवड्याला चौदावरून सातावर आले, ते असे.

ज्याला इस्त्री येत नसेल, त्याला दुसऱ्याने एकदा शेजारी उभे राहून शिकवावे. शिकवण्याचे मुद्दे थोडकेच आहेत. कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीच्या चिन्हात टिंबे असतात: एक टिंब म्हणजे इस्त्रीचे तापमान सुमारे ११० अंश सेल्सियसपर्यंत, दोन म्हणजे सुमारे १५० आणि तीन म्हणजे सुमारे २००. नायलॉन एका टिंबाचे. रेशीम, लोकर आणि पॉलिस्टर दोन टिंबांचे. सुती आणि लिनन तीन टिंबांचे. इस्त्री लवकर तापते पण हळू निवते, म्हणून नाजूक कपडे आधी घ्यावेत आणि सुती शेवटी. उलटा क्रम धरल्याने यजमानांच्या बहिणीने दिलेली माझी ओढणी तळाला चिकटली होती. रेशमी कपड्याला उलट बाजूने आणि मधे मलमलीचा तुकडा ठेवून इस्त्री करावी. सुती कपडा किंचित दमट असतानाच घ्यावा. कडक वाळला असेल तर पाणी शिंपडून, गुंडाळून दहा मिनिटे ठेवावा. शर्टाची कॉलर आधी उलट बाजूने, टोकांकडून मध्याकडे. मग खांदा, कफ, बाह्या, पुढचे दोन भाग आणि शेवटी पाठ.

विजेची धास्ती घेऊ नये. १००० वॉटची इस्त्री सलग तासभर तापत राहिली तरी एक युनिट होते, आणि प्रत्यक्षात ती मधूनमधून आपोआप बंद होत असल्याने त्याहून कमीच लागते. मात्र मशीन आणि इस्त्री एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नयेत, आणि दाराची बेल वाजली तरी आधी बटण बंद करून मगच उठावे.

कपडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांकडे द्यायचे ठरवले, तर तेही वाटणीत धरावे: नेऊन कोण देणार, आणणार कोण, पैसे कोणत्या खर्चातून. देताना नग मोजून वहीत तारीख घालून लिहावेत आणि आणताना त्यांच्यासमोरच मोजावेत. आमचा एक शर्ट हरवला, तेव्हा आमच्याकडे नोंद नव्हती आणि त्या माणसावर उगाच संशय घेतल्याचे मला आजही वाईट वाटते, कारण शर्ट नंतर गावी सासऱ्यांच्या कपाटात सापडला.

८. दोघांनी मिळूनच करायची कामे

सोलापुरी चादर भिजली की एकट्याला उचलत नाही. ती दोघांनी दोन टोकांना धरून, एकाने उजवीकडे आणि दुसऱ्याने डावीकडे पीळ देत पिळावी. अशा पिळण्याने पाणीही जास्त निघते आणि पाठही दुखत नाही. पहिली दोन धुणी वेगळी करावीत, कारण गडद रंगाची चादर सुरुवातीला रंग सोडते. नऊवारी-सहावारी साड्यांच्या घड्याही दोघांनी घालाव्यात. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे ही फेरी आम्ही पाळीत धरत नाही. महिन्यातून एकदा, पाणी आलेल्या सुट्टीच्या दिवशी, दोघे मिळून करतो.

आमच्या दिरांना सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीतली उंच काठी धरण्याचा, मान आहे. जानेवारीत त्यांची पांढरी बाराबंदी (बंदांचा पारंपरिक अंगरखा) आमच्याकडे धुवायला येते, तेव्हा मी नीळ घालते आणि यजमान खळ. निळीचे दोन-चारच थेंब बादलीभर पाण्यात आधी ढवळून मग कपडा घालावा. कपड्यावर थेट निळ ओतली तर डाग पडतात.

९. घरात वडीलधारी असतील तेव्हा

हा मुद्दा नाजूक आहे, पण टाळण्याजोगा नाही. आम्ही दोघेच असताना सुरळीत चाललेली पद्धत सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या त्या दिवशी बंद पडली. यजमानांची फेरी होती आणि ते वर्तमानपत्र वाचत बसले. मी काही न बोलता बादली उचलली. चार दिवस असेच गेले. दोष सासूबाईंचा नव्हता, त्या काही बोलल्याही नव्हत्या. आम्ही दोघांनीच त्यांच्या मनात काय असेल, याचा अंदाज बांधून वाटणी मोडली होती.

म्हणून कोणी येण्यापूर्वी दोघांनी बोलून ठेवावे आणि ज्याचे आईवडील, त्यानेच त्यांना सांगावे. पुढच्या वेळी यजमानांनी टोपली उचलताना साधेपणाने म्हटले, "आई, आज धुण्याची पाळी माझी आहे." सासूबाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं, मग माझं लुगडं तेवढं वेगळं ठेव, ते मीच धुते." त्यांचे लुगडे त्या आजही स्वतःच धुतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. वडीलधाऱ्यांनी स्वतःहून घेतलेले काम त्यांच्या हातून काढून घेऊ नये. न मागितलेले काम त्यांच्यावर टाकूही नये. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या सुनेने सगळ्या घराचे धुणे गृहीत धरून अंगावर घेण्यापूर्वी नवऱ्याशी बोलावे, आणि नवऱ्याने निदान आपल्या दोघांच्या कपड्यांची फेरी तरी आपल्याकडे घ्यावी.

धुण्याला बाई असतील, तरी टोपल्या वेगळ्या करणे, पिशवीचा नियम, वाळलेले आत आणणे आणि घड्या ही कामे राहतातच, ती फेरीनेच वाटावीत. त्यांना किती कपडे आणि आठवड्यातून किती दिवस, हे आधी बोलून ठरवावे. पाहुण्यांचे जादा कपडे झाले तर जादा पैसे द्यावेत.

१०. वाटणी पुन्हा मांडणे

कामाची पाळी बदलली, आजारपण आले, दिवस गेले किंवा घर बदलले, की जुनी वाटणी तशीच ओढू नये. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणि बाळंतपणानंतर माझ्या सर्व फेऱ्या यजमानांकडे गेल्या आणि बाळाच्या लंगोट्यांची चौथी टोपली आली. ती दुपट्यांसह रोज धुवावी लागत असे, म्हणून पाण्याच्या पाळीचा नियम तिच्यापुरता सोडून तिच्यासाठी वेगळे पिंप राखून ठेवले. वही अजून चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर गुलाबी झालेल्या चार शर्टांची नोंद आहे आणि शेवटच्या भरलेल्या पानावर, कालच्या तारखेला, यजमानांच्या अक्षरात लिहिले आहे: 'साबणचुरा संपत आला, आणणे.'